कचेरीतली सजगता : रंगून ते कॅलिफोर्निया



होमिओपॅथीच्या डॉक्टरने इतिहासावर व्याख्यान द्यावे, हे जरा वेगळे वाटेल. म्हणून आधी कारण सांगतो. शनिवारी सकाळी बेंगळुरूहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस बेळगावात येते आणि अकराच्या सुमारास माझ्या दवाखान्यात तिशीच्या आतबाहेरची मुले-मुली दिसू लागतात. सोबत आई असते. झोप लागत नाही, पित्त उसळते, मान धरते, रविवारी संध्याकाळी छातीत धडधडते. काम काय विचारले तर एखादे नवे सॉफ्टवेअर, नवे उपकरण बनवणाऱ्या चमूत आहे, आणि 'रिलीज' जवळ आली आहे. ती कधी जवळ नसते, हे मला अजून कळलेले नाही.

अलीकडे या मुलांच्या फोनवर ध्यानाचे अॅप असते, पुष्कळदा कंपनीनेच दिलेले. एक मुलगा मला म्हणाला, "डॉक्टरकाका, त्या अॅपचीपण नोटिफिकेशन येते. काल तुमचे ध्यान चुकले म्हणून." तो हसला, मीही हसलो. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. आमच्या जैन घरात आजी रोज सामायिक करायची. अठ्ठेचाळीस मिनिटे, म्हणजे एक मुहूर्त. त्या वेळात ती कोणाची नसायची आणि तिच्याकडून कोणाला काही मिळवायचे नसायचे. मग हीच गोष्ट कामाचा वेग राखण्याचे साधन कधी झाली? कचेरीत ती कोणी आणली, कशासाठी आणली, आणि वाटेत काय गळून पडले? गेली काही वर्षे फावल्या वेळात मी याचाच माग काढत होतो. तो आज आपल्यापुढे मांडतो.

शब्दापासून सुरुवात करू. पालीत 'सति', संस्कृतात 'स्मृती'. समोर जे चालले आहे त्याचे भान न सुटणे, असा त्याचा साधनेतला अर्थ. सिलोनच्या मुलकी नोकरीत राहिलेले पाली पंडित ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली बौद्ध सुत्तांचे भाषांतर प्रसिद्ध केले. त्यात या शब्दासाठी त्यांनी 'माइंडफुलनेस' हा इंग्रजी शब्द वापरला आणि तोच पुढे जगभर रूढ झाला. जैन परंपरेत याच्या शेजारचे शब्द आहेत 'अप्रमाद' आणि 'यतना'. क्षणभरही गाफील राहू नको, असा उपदेश महावीरांनी गौतमाला केला. आम्हां जैनांना तो लहानपणापासून कानावरून गेलेला असतो. यतना म्हणजे चालताना, बोलताना, वस्तू उचलताना-ठेवताना आपल्याकडून कोणाला इजा होत नाही ना, हे पाहणे. म्हणजे सजगतेत दुसऱ्याचा विचार पहिल्यापासून धरलेला होता. ती नुसती एकाग्रता नव्हती. एकाग्रता बगळ्यालाही असते.

हे आपल्या भाषेत स्वच्छ मांडणारा माणूस गोव्याचा. धर्मानंद कोसंबी, जन्म १८७६. घर सोडून पुणे, ग्वाल्हेर, काशी असे करत ते सिलोनला पोचले, तिथे भिक्षू झाले आणि ध्यान शिकायला ब्रह्मदेशातही जाऊन राहिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना वेतन दिले. १९१० साली ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्ग' या ध्यानग्रंथाच्या संपादनासाठी गेले. या राज्याचे नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे. आयुष्याच्या अखेरीस कोसंबींनी पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्मावर पुस्तक लिहिले. अहिंसा, सत्य, अस्तेय, अपरिग्रह हे चार याम बुद्धाने पार्श्वनाथाच्या परंपरेतून घेतले आणि त्यांना समाधी व प्रज्ञा यांची जोड दिली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्याच्या सर्व तपशिलांशी पंडित सहमत होतील असे नाही. आपल्याला त्यातला क्रम हवा आहे. आधी याम, मग समाधी.

आता कचेरीकडे वळू. त्यासाठी रत्नागिरीवरून जावे लागते. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले आणि ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला, थिबाला, हिंदुस्थानात पाठवून दिले. १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला. थिबा पॅलेस आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. राजा गेला, तसा भिक्षुसंघाचा राजाश्रयही गेला. धर्म टिकायचा तर तो आता शेतकऱ्या-कारकुनांच्या हातात द्यायला हवा, या विचाराने लेडी सयाडो यांच्यासारख्या भिक्षूंनी विहारातले ध्यान सामान्य गृहस्थांना शिकवायला सुरुवात केली. त्यांच्या परंपरेत सया थेटजी हे शेतकरी गृहस्थ आचार्य झाले. त्यांच्याकडे १९३७ च्या जानेवारीत हिशेबखात्यातला एक नोकरदार शिकायला आला. त्याचे नाव ऊ बा खिन.

४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि ऊ बा खिन त्या देशाचे महालेखापाल झाले. काळ कसा होता पाहा. काही महिन्यांत यादवी पेटली, बंडखोर रंगूनच्या वेशीपर्यंत आले, तिजोरी रिकामी आणि जुने अनुभवी अधिकारी निघून गेलेले. ताण म्हणतात तो हाच. अशा कचेरीत १९५० साली त्यांनी कर्मचाऱ्यांसाठी विपश्यना मंडळ काढले. कचेरीतलीच जागा ध्यानासाठी राखली. १९५२ मध्ये शहरात वेगळे केंद्र उभे राहिले. ऊ बा खिन कधी तीन, कधी चार खात्यांचा कारभार एकाच वेळी सांभाळत आणि १९६७ पर्यंत सरकारी कामात राहिले. कामाच्या ठिकाणी पद्धतशीर ध्यान, याचे आधुनिक काळातले माझ्या पाहण्यात आलेले सर्वांत जुने ठळक उदाहरण हेच.

इथे एक शंका मलाही येते. साहेबच गुरू असला तर कारकुनाला 'नको' म्हणणे किती सोपे असेल? ती शंका पुसून टाकता येत नाही. पण दोन गोष्टी तिच्यासमोर ठेवतो. पहिली, साहेब स्वतः बसत असे, आणि सर्वांच्या आधीपासून बसत असे. दुसरी, त्या पद्धतीत पहिल्या दिवशी डोळे मिटण्यापूर्वी पंचशील घ्यावे लागते. हिंसा नाही, चोरी नाही, खोटे नाही. हिशेबखात्यात चोरी आणि खोटे या दोन शब्दांना फार नेमका अर्थ असतो. लाचलुचपतीबद्दल कठोर म्हणून ऊ बा खिन यांची ख्याती होती. ध्यान शिकणाऱ्या कारकुनावर जी बंधने होती, तीच शिकवणाऱ्या साहेबावरही होती.

१९५५ मध्ये त्यांच्याकडे मंडालेत जन्मलेले एक मारवाडी उद्योगपती आले. अर्धशिशीने ते हैराण होते आणि मॉर्फिनच्या सुईवर दिवस काढत होते. ते सत्यनारायण गोयंका. नुसते डोके दुखते म्हणून आला असाल तर ही विद्या त्यासाठी नाही, असे ऊ बा खिन यांनी त्यांना आधी बजावले, हा प्रसंग गोयंकाजी अनेकदा सांगत. आजार जाईल तो जाता जाता जाईल. त्यालाच ध्येय करू नका. १९६९ च्या जुलैत गोयंकाजींनी मुंबईत पहिले शिबिर घेतले आणि १९७६ पासून इगतपुरीचे धम्मगिरी सुरू झाले. ते आपल्या परिचयाचे आहे.

इथून वाट फुटते. १९७०-७१ च्या सुमारास बोधगयेला गोयंकाजींच्या शिबिरांना अमेरिकन तरुण-तरुणी येऊ लागल्या. त्यांपैकी जोसेफ गोल्डस्टीन आणि शॅरन साल्झबर्ग यांनी परत जाऊन सहकाऱ्यांबरोबर एक ध्यानकेंद्र काढले. १९७६ पासून ते बॅरी नावाच्या लहान गावी चालू झाले. हे गाव मॅसॅच्युसेट्समध्ये, वूस्टर जिल्ह्यात आहे. १९७९ च्या वसंतात तिथे जॉन कबाट-झिन नावाचे गृहस्थ शिबिराला बसले. शिक्षणाने ते रेण्वीय जीवशास्त्रज्ञ. शिबिर चालू असतानाच त्यांना सुचले की हे इस्पितळात न्यावे. ज्या रुग्णांचे दुखणे औषधाने हटत नाही, त्यांना शिकवावे. त्याच वर्षी वूस्टर शहरातल्या विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात त्यांचे चिकित्सालय सुरू झाले. आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम आणि घरी रोज पंचेचाळीस मिनिटांचा सराव. आजीच्या सामायिकाला तीन मिनिटे कमी. त्यांनी धार्मिक भाषा बाजूला ठेवली, कारण इस्पितळात ती चालली नसती. पंचशीलाचे उच्चारणही मागे राहिले. डॉक्टर म्हणून मला त्यांचा हेतू समजतो. रुग्ण समोर कण्हत असताना कोणी आधी व्रते देत नाही.

आता त्याच जिल्ह्यात, त्याच वर्षी, दुसरीकडे काय चालले होते ते पाहा. वूस्टर शहराच्या पूर्वेला, मोटारीने अर्ध्या तासाच्या आत, वेस्टबरो हे गाव आहे. तिथे डेटा जनरल या संगणक कंपनीचे मुख्यालय होते. प्रतिस्पर्धी डिजिटल कंपनीने १९७७ मध्ये 'व्हॅक्स' हा नवा संगणक आणला होता. त्याला तोड देणारे यंत्र हवे होते, आणि तेही झटपट. टॉम वेस्ट नावाच्या प्रमुखाच्या हाताखाली, इमारतीच्या तळमजल्याखालच्या भागात, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली पोरे कामाला जुंपली गेली. ट्रेसी किडर या पत्रकाराने त्यांच्यात राहून 'द सोल ऑफ अ न्यू मशीन' हे पुस्तक लिहिले. ते १९८१ मध्ये आले आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. नव्या वस्तू घडवणाऱ्या चमूचे जगणे इतक्या जवळून क्वचितच कोणी टिपले असेल.

त्यातली एक पद्धत सांगतो. नव्या मुलाला कोणी हुकूम देत नसे. 'तू सामील होणार ना?' एवढेच विचारत. हो म्हटले की घर, छंद, मित्र, झोप हे सगळे त्याने आपल्या राजीखुशीने बाजूला ठेवले, असे गृहीत धरले जाई. बळजबरी कुठेच दिसत नाही, म्हणून तक्रार करायची कोणाकडे हेही कळत नाही. बक्षीस काय? हे यंत्र जमले तर पुढचे यंत्र करायला मिळेल! यंत्र जमले, १९८० मध्ये जाहीरही झाले. पण मधेच एक अभियंता टेबलावर चिठ्ठी ठेवून निघून गेला. सेकंदाच्या अब्जांश भागाचे हिशेब करून तो थकला होता. आपण व्हरमाँटमध्ये एका वसाहतीवर राहायला जात असून यापुढे ऋतूपेक्षा लहान कालमापनाशी संबंध ठेवणार नाही, अशा आशयाचे त्याने लिहिले होते.

एकाच जिल्ह्यात १९७९ साली बॅरीला औषधाचे झाड होते, वूस्टरला दवाखाना होता आणि वेस्टबरोला आजार होता. पण तिघांची गाठ पडली नाही. ती पडायला अठ्ठावीस वर्षे लागली, आणि पडली ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात.

तिकडे दरम्यान वेगळाच प्रयोग होऊन गेला होता. स्टीव्ह जॉब्स १९७४ मध्ये नीम करोली बाबांच्या शोधात भारतात आले. बाबा आदल्या वर्षीच निवर्तले होते. परतल्यावर जॉब्स कोबुन चिनो या जपानी झेन गुरूंकडे बसू लागले, आणि ते नाते इतके टिकले की १९९१ मध्ये त्यांचे लग्नही कोबुन यांनीच लावले. म्हणजे इथे साहेब ध्यानी होता. मग त्याच्या हाताखालचा चमू शांत असायला हवा होता. प्रत्यक्षात १९८४ च्या जानेवारीत बाजारात आलेला मॅकिंटॉश संगणक बनवणाऱ्या मंडळींच्या अंगावर, आठवड्याला नव्वद तास काम आणि तेही आवडीने, अशी मिरवणारी मजकुराची छापील कपडे होती. कौतुक म्हणून त्या सर्वांच्या सह्या यंत्राच्या आवरणात आतून कोरल्या होत्या. ते यंत्र सुंदर होते यात वाद नाही. पण वर्ष-दीड वर्षात त्याच्या शिलेदारांपैकी कित्येकजण कंपनी सोडून गेले. जॉब्स यांच्या जिभेचे फटके त्या काळच्या सर्व आठवणींत नोंदलेले आहेत. झेनने त्यांना वस्तूतले अनावश्यक ओळखण्याची नजर दिली असेल. माणसाच्या दमण्याकडे पाहण्याची नजर मात्र नुसत्या बैठकीने आपोआप येत नाही, एवढे यावरून दिसते.

याच धंद्यातल्या काही जाणत्यांनी ध्यानाचे नावही न घेता दुसरी वाट शोधली. केंट बेक यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या कार्यपद्धतीत चाळीस तासांचा आठवडा हा एक नियमच होता. लागोपाठ दुसऱ्या आठवड्यात जादा काम करावे लागले, तर दोष माणसांत नसून योजनेत आहे, असे समजायचे. २००१ च्या फेब्रुवारीत यूटा राज्यातल्या स्नोबर्ड येथे सतराजण जमले आणि त्यांनी 'अॅजाइल' जाहीरनामा काढला. काम करवून घेणारे आणि करणारे, दोघांनाही कायम पेलेल असा वेग ठेवावा, हे त्याचे एक तत्त्व. ठरावीक दिवसांनी सर्वांनी एकत्र बसून आपले काय चुकले ते पाहावे आणि सुधारावे, हे दुसरे. हे वाचताना मला आमचे प्रतिक्रमण आठवले. रोजचे, पंधरवड्याचे, चार महिन्यांचे आणि वर्षाचे. झालेल्या चुकांकडे परत वळून पाहणे. फरक एवढाच की प्रतिक्रमणात माणूस स्वतःचे दोष मोजतो, आणि त्यातून आचार्यही सुटत नाहीत. आज ही बैठक बहुतेक कंपन्यांत होते, पण शब्द राहिला आणि वेगाचे तत्त्व हरवले, असे माझ्याकडे येणारी मुले सांगतात. दर पंधरवड्याच्या कामाला तिथे 'स्प्रिंट' म्हणतात. स्प्रिंट म्हणजे शंभर-दोनशे मीटरची धाव. ती वर्षभर धावायची असते, हे कोणत्या तालमीत शिकवतात?

२००७ मध्ये गूगलमध्ये ती गाठ पडली. सिंगापूरहून आलेले अभियंता चॅड-मेंग टॅन यांनी तिथल्या सहकाऱ्यांसाठी सात आठवड्यांचा वर्ग सुरू केला. मदतीला डॅनियल गोलमन आणि मिराबाई बुश होत्या. दोघेही १९७०-७१ च्या त्या बोधगयेच्या शिबिरांत बसलेले. रंगूनच्या कचेरीतून निघालेली रेघ अशी गूगलपर्यंत येते. सुरुवातीला ताण कमी करण्याच्या नावाने वर्ग ठेवला, तेव्हा फारसे कोणी फिरकले नाही, कारण ताण असणे हीच तिथे कर्तबगारीची खूण होती. मग भावनिक बुद्धिमत्ता, नेतृत्व अशा नावांनी तो मांडला आणि गर्दी झाली. २०१२ मध्ये त्याचे पुस्तक आले, संस्था निघाली आणि इतर कंपन्यांनी तो उचलला.

टॅन यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. त्या वर्गांतून अनेकांना झोप लागली असेल, घरच्यांशी नीट बोलता आले असेल. ते लहान काम नाही. पण २०१४ च्या फेब्रुवारीतला एक प्रसंग सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोत ध्यान आणि तंत्रज्ञान या विषयावर परिषद चालू होती. गूगलची मंडळी कंपनीत सजगता कशी रुजवावी हे मंचावरून सांगत होती. इतक्यात काही नागरिक फलक घेऊन मंचावर चढले. तंत्रज्ञान कंपन्यांच्या श्रीमंतीमुळे शहरातली भाडी भडकली आणि जुन्या भाडेकरूंना घरे सोडावी लागत आहेत, अशी त्यांची तक्रार होती. त्यांना उतरवले गेले. मग वक्त्याने श्रोत्यांना सांगितले की, संघर्ष समोर असताना आपल्या शरीरात काय होते आहे ते पाहा. सभागृह शांत झाले आणि भाषण पुढे चालू झाले. घराबद्दल कोणी काही बोलले नाही. सॅन फ्रान्सिस्कोतले व्यवस्थापनाचे प्राध्यापक रोनाल्ड पर्सर यांनी २०१९ मध्ये या साऱ्या प्रकारावर टीका करणारे पुस्तक लिहिले आणि झटपट हॉटेलाच्या नावावरून त्याला 'मॅकमाइंडफुलनेस' म्हटले.

माझे मत मी माझ्या शास्त्राच्या भाषेत सांगतो. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांच्या 'ऑर्गनॉन' ग्रंथातले सत्त्याहत्तरावे सूत्र विद्यार्थिदशेत आम्ही पाठ केले होते. दलदलीच्या जागी किंवा तळघरात राहणारे, शरीराला-मनाला अति शिणवणारे, सतत काळजीत असणारे, अशांच्या दुखण्याला चिवट जुना आजार म्हणू नका, असा त्याचा आशय. आत दुसरा जुनाट रोग दडलेला नसेल, तर राहणी सुधारली की ते दुखणे आपोआप जाते. म्हणजे औषधाची पुडी बांधण्याआधी रोगी राहतो कुठे ते विचारा. वेस्टबरोच्या त्या पोरांना खरोखरच तळघर होते. आजच्यांचे तळघर काचेचे आणि विसाव्या मजल्यावर असते.

म्हणून या इतिहासातून मला एकच गोष्ट दिसते. रंगूनमध्ये सजगतेबरोबर बंधन आले आणि ते साहेबावरही होते. वूस्टरमध्ये ती रोग्यासाठी होती, तिथे ते सोडणे क्षम्य होते. मॅकिंटॉशच्या चमूत साहेबाकडे ध्यान होते पण बंधन नव्हते. पुढे कचेऱ्यांत पसरली ती सजगता मुख्यतः हाताखालच्या माणसासाठी होती. तारीख ज्याने ठरवली त्याने ती पुन्हा तपासावी, अशी अट तिच्यात नव्हती. याम गळले आणि समाधी राहिली. कोसंबींनी सांगितलेला क्रम मोडला की एवढेच उरते.

आपल्याकडे हा प्रश्न आता दारात आहे. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे म्हटले आणि २०२५ च्या जानेवारीत एका मोठ्या बांधकाम-अभियांत्रिकी कंपनीच्या अध्यक्षांचा आकडा नव्वदवर गेला. मॅकिंटॉशच्या कपड्यांवरचा तोच आकडा. तिथे निदान तो पोरांनी स्वतः मिरवला होता.

यात आपला, म्हणजे घरच्यांचा, वाटाही मोजायला हवा. लग्नाच्या बैठकीत मुलाचे 'पॅकेज' आपण विचारतो, तो कितीला घरी येतो ते विचारत नाही. शनिवारी दवाखान्यात आलेली आई मला म्हणते, "डॉक्टर, काहीतरी द्या, सोमवारी त्याला परत जायचंय." मी पुडी देतो. ध्यान कर, असेही सांगतो, कारण ते चांगलेच आहे. पण आता त्याच्या जोडीला विचारतो, तुमची तारीख कोण ठरवतो? तो माणूस तुमच्याबरोबर त्या वर्गात बसतो का?

त्या नोटिफिकेशनवाल्या मुलाला मी हेच विचारले होते. तो थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "काका, ते तर आम्हांला वर्गाचं आमंत्रण पाठवतात." मग आईकडे वळून हळूच म्हणाला, "आणि माझ्या हाताखालच्या चौघांची तारीख मी ठरवतो."

त्या दिवशी मी त्याला औषध दिले की नाही, हे आता आठवत नाही. काही महिन्यांनी तो पुन्हा आला, तेव्हा झोप लागू लागल्याचे सांगत होता. चौघांचे काय, हे मी विचारले. त्याने आपल्या प्रमुखाशी भांडून दोन आठवडे वाढवून घेतले होते. फार मोठी क्रांती नव्हे. पण माझ्या आजीने याला यतनाच म्हटले असते.